दारं कोण धरणार?

माझ्या भाच्याला त्याच्या कंपनीनं ऑफिसात परत बोलावलंय. आठवड्याचे पाचही दिवस, गळ्यातलं कार्ड घासून, दारातून आत. बहिणीनं ही बातमी अशा आवाजात सांगितली, जसं काही पोराला सीमेवर धाडतायत. मी म्हटलं, "अगं, हिंजवडीलाच चाललाय ना?" त्यावर दाजी म्हणाले, "सीमेवरचा माणूस निदान रात्री वेळेवर छावणीत तरी पोचतो."

पोरगा २०२० च्या मार्चमध्ये गावी आला तो लॅपटॉप आणि दोन जोड कपडे घेऊन, पंधरा दिवसांच्या बोलीवर. घोड नदीच्या काठाला, कळंबच्या अलीकडं बहिणीचं घर. कांद्याच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत त्यानं टेबल टाकलं आणि पाठीमागं आईची इरकली साडी लावली, म्हणजे कॅमेऱ्यात चाळ दिसायला नको. पहिल्या आठवड्यात दाजींनी खिडकीतून त्याचं काम बघितलं आणि बहिणीला हळूच विचारलं, "ह्याला काढून टाकलाय का गं? दिवसभर एकटाच बोलत बसतो."

महिना भरला, खात्यात पगार पडला, तेव्हा दाजींची ती काळजी मिटली आणि दुसरी सुरू झाली. तीन एकर बागायत, दोन म्हशी आणि साठी ओलांडलेली दोन माणसं वर्षभर राबून जे हातात उरतं, ते हा पोरगा खुर्चीवरून न उठता दोन महिन्यांत मिळवतो. हे आजवरही घडतच होतं, पण पुण्यात घडत होतं. आता ते भिंतीपलीकडच्या खोलीत घडायला लागलं, आणि भिंत पातळ होती.

भाचा आला त्याच आठवड्यात तीन घरं सोडून राहणारे एक काकासुद्धा मुंबईहून गावी आले. तीस वर्षं डबे पोचवले. मुंबईच्या डबेवाल्यांची मुळं खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातली, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यांनी मुंबईला माथाडी, हमाल आणि डबेवाले पुरवले. म्हणजे जे काम घरून होतच नाही, तेवढंच आम्ही निवडून निवडून मुंबईला दिलं.

कोरोनाच्या आधी पाच हजारांच्या आसपास डबेवाले आणि दोन लाखांच्या घरात डबे असे आकडे सांगितले जात. ब्रिटनचे राजपुत्र चार्ल्स २००३ मध्ये त्यांना भेटून गेले. हार्वर्डनं २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी केला. टाय लावलेल्या पोरांना वर्गात शिकवलं गेलं, की पाऊस असो, लोकल उशिरा असो, डबा चुकत नाही. सगळं शिकवून झालं. डबा बरोबर पोचला आणि ऑफिसच जागेवर नसलं तर काय करायचं, हा धडा तेवढा पुस्तकात घ्यायचा राहून गेला.

लोकल बंद झाली, साहेब घरी बसला. त्याच्या स्वयंपाकघरापासून त्याच्या टेबलापर्यंत अंतर उरलं दहा पावलांचं. तेवढ्यासाठी डबेवाला कोण ठेवणार? डबे आणि डबेवाले दोन्ही निम्म्याहून खाली आल्याचं त्यांच्या संघटनेची माणसं तेव्हापासून सांगत आली आहेत.

तर एकाच आठवड्यात दोन माणसं एकाच आळीत परत आली. भाच्याबद्दल गाव म्हणालं, "घरून काम चाललंय." काकांबद्दल गाव म्हणालं, "घरी बसलाय." मराठीत एका विभक्ती प्रत्ययाचा फरक, पण तो फरक दर महिन्याच्या एक तारखेला दिसतो. आणि या दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं आहे, हे कुणी बोललं नाही. साहेबाचं 'घरून' झालं म्हणूनच काकांचं 'घरी' झालं.

काकांनी दोन महिने वाट पाहिली. मग कांद्याच्या कट्ट्या उचलायला जाऊ लागले. त्यांना एकदा भाच्याविषयी विचारलं तर म्हणाले, "पोरगं चांगलंय. दुपारी जेवायला आईला हाक मारतं तेव्हा मला आपलं उगाच घड्याळ बघावंसं वाटतं."

कुणाचं काम घरून होतं आणि कुणाचं होत नाही, याचा हिशोब तेव्हा जगभर मांडला गेला. शिकागो विद्यापीठातल्या जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नायमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्येच अमेरिकेतला एकेक व्यवसाय चाळणीत घातला. उघड्यावर काम करावं लागतं का? यंत्र चालवावं लागतं का? अंगमेहनत किती? चाळणीतून खाली पडल्या, म्हणजे घरून होण्यासारख्या निघाल्या, त्या ३७ टक्के नोकऱ्या. गरीब देशांत हा आकडा बराच कमी. अमेरिकेत शंभरातले त्रेसष्ट चाळणीवरच राहिले म्हटल्यावर मला आमच्या लोकांबद्दल जरा कमी वाईट वाटलं.

मी तीच चाळणी नारायणगावच्या बाजारात संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीच्या लिलावात धरून बघितली. हमाल वर राहिला. जुड्या बांधणाऱ्या बाया वर राहिल्या. टेम्पोवाला वर राहिला. टोमॅटोच्या क्रेटवर क्रेट रचणारं बिहारी पोरगं वर राहिलं. आडत्या अर्धवट खाली लोंबकळला, कारण भाव तो हल्ली व्हॉट्सअॅपवर सांगतो, पण पट्टी फाडायला गाळ्यावरच बसतो. शेवटी खाली पडला एकटा संगणकावरचा कारकून. त्याला विचारलं तर म्हणाला, "नको साहेब, मी इथंच येतो. घरी लाईट नसते."

तमाशाचं तर विचारूच नका. चैत्रात नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवून जातात. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं यात्रा नाहीत, सुपाऱ्या नाहीत. ढोलकी घरून वाजते, पण शेजारी ओरडतात आणि पैसे कुणी देत नाही.

तसं घरून काम ही इंग्रजांच्या नंतरची भानगड आहे असं मानायचं कारण नाही. गावचा कुलकर्णी पिढ्यानपिढ्या घरूनच काम करत होता. जुन्नरी कागदावर मोडीत लिहिलेलं दप्तर, रुमालात बांधून त्याच्या घरच्याच कोनाड्यात. कुणाला आपल्या जमिनीचं काय ते बघायचं असेल तर कुलकर्ण्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं, त्याचं जेवण आणि वामकुक्षी उरकेपर्यंत. १९५० च्या कायद्यानं मुंबई राज्यातली परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली. तलाठी आला, दप्तर चावडीत आलं. वतन गेलं, ओसरीवर बसणं काही गेलं नाही.

उलट सरकारी खात्यांनी या विषयात सगळ्यांच्या आधी प्रगती केली, असं माझं मत आहे. ग्रामसेवक, तलाठी, गुरुजी यांनी नेमणुकीच्या गावी राहावं असा दंडक. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडला की घरभाडे भत्ता. ठराव इमानेइतबारे मुख्यालयी राहतो. ज्याचा ठराव आहे तो मंचरला, नारायणगावला, नाहीतर थेट भोसरीला. (सगळे नाहीत. आमच्याकडं एक गुरुजी चौदा वर्षं गावातच राहिले, त्यांची बदली झाली तेव्हा गाव रडलं. म्हणून तर लक्षात राहिले.) कंपन्यांना 'रिमोट' हा शब्द सापडायच्या कितीतरी आधी आमच्या ग्रामपंचायतीच्या दारावर खडूनं लिहिलेला मोबाईल नंबर होता.

मग एके दिवशी सरकारला वाटलं, फक्त कर्मचाऱ्यांनीच का म्हणून दुरून काम करावं? कर्मचाऱ्यांचं काम दुसऱ्यालाही करू द्यावं. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठ्यानं बांधावर येऊन काय पेरलंय ते बघायचं आणि सातबाऱ्यावर चढवायचं, अशी रीत होती. तो खरंच यायचा का, हा वेगळा प्रश्न. आता शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवर अॅप घ्यायचं, स्वतःच्या शेतात उभं राहायचं, स्वतःच्या पिकाचा फोटो काढायचा, आणि स्वतःच तो वर चढवायचा. तलाठ्याचं काम दुरून झालं, पण दूर कोण गेलं बघा. दाजी अॅपमधल्या नकाशावर स्वतःच्याच शेताच्या बाहेर उभे असल्याचं दिसत होतं. ते तीन वेळा पुढं सरकले. चौथ्यांदा शेजाऱ्याच्या उसात.

आणि इथून पुढं मामला तिरका होतो.

मला वाटायचं, इंटरनेटवर चालणारी कामं साहजिकच इंटरनेट असलेल्या लोकांना मिळतील. साहेबाची कामं तशी मिळालीही. पण हजेरी? ती नेमकी रेंज नसलेल्यांकडून ऑनलाइन मागितली जाते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मोबाईल अॅपवरून हजेरी सक्तीची झाली. मजुरांचा फोटो सकाळी एक, दुपारी एक, जागेच्या नोंदीसकट. आता आंबेगावच्या आणि जुन्नरच्या पश्चिमेला जाऊन बघा. डिंभे धरणाच्या पलीकडं आहुप्याकडं, नाहीतर हातवीज-दुर्गवाडीकडं. रेंज आली तर कड्यावर येते आणि ढग आले की तिथूनही जाते. खाली खड्डे खणायचे, वर चढून फोटो पाठवायचा. चढण्याची मजुरी नाही. फोटो गेला नाही तर खणण्याचीही नाही.

यावर लोकांनी तोड काढली नाही तर ते लोक कसले. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच पत्रक काढून कबूल केलं, की देशात ठिकठिकाणी मजुरांच्या ऐवजी भलतेच फोटो चढतायत आणि कुठं कुठं तर फोटोचाच फोटो काढून हजेरी लागतेय. मला या पत्रकाचं फार कौतुक वाटलं. भाचा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून नावाचा गोल ठेवतो आणि म्हशीला पाणी दाखवून येतो, त्याला कंपनी 'लवचिकता' म्हणते. मजुराच्या जागी फोटो हजर राहिला तर पत्रक निघतं.

अंगणवाडीताईंचीही तीच गत. त्यांना सरकारनं मोबाईल दिले, त्यात पोषणाची माहिती भरायचं अॅप दिलं, अॅप दिलं ते इंग्रजीत. मोबाईल तापायचे, अडकायचे. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोबाईल गोळा करून परत केले. दूरस्थ कामाचं साधन मालकाच्या तोंडावर परत फेकणारा कामगारवर्ग जगात दुसरा कुठं असेल तर मला दाखवा. हिंजवडीत तर लॅपटॉप परत मागितला की माणसं रडतात.

पश्चिमेच्या पट्ट्यातलं मोठं काम म्हणजे हिरडा. झाडावर चढून बाळहिरडा झोडायचा, गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं मीठमिरचीचं गणित त्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं ही झाडं मोडली, आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. त्याच जूनमध्ये शाळा मोबाईलवर भरायला सुरुवात झाली. म्हणजे बाप ज्या झाडावर हिरड्यासाठी चढायचा ते आडवं पडलं होतं, आणि पोरगं गणिताच्या तासासाठी उरलेल्या झाडावर चढलं होतं. शिक्षण खात्याच्या नोंदीत दोघंही घरीच.

या भागाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला. १५१ माणसं गेली. चिखलाखाली गेलेल्या गावातून फोन कोण करणार? एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या फेरीवर तिथं गेला आणि त्याला गाव दिसलं नाही. बाहेरच्या जगाला कळलं ते त्याच्याकडून. शिकागोच्या चाळणीत एसटीचा ड्रायव्हर वरच राहतो.

आता कुणी म्हणेल, अहो, डोंगरातलं गाव, रेंज येणार कशी? तर थोडं पूर्वेला या. नारायणगावच्या जवळ आर्वी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र या आर्वीत उभं राहिलं, विक्रम साराभाईंचं नाव दिलेलं. परदेशातून येणारा आवाज उपग्रहावरून उतरायचा तो जुन्नर तालुक्याच्या रानात, आणि तिथून मुंबईला जायचा. मुंबईतला शेठ लंडनशी बोलायचा आमच्या डोक्यावरून. आणि आमच्या माणसाला मुंबईशी बोलायचं तर पोस्टात ट्रंक कॉल लावून अर्धा दिवस बाकावर.

आर्वीहून थोडं पुढं खोडद. तिथं टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण. एकेक अँटेना ४५ मीटर व्यासाची, अशा तीस. चौदा मध्यावर दाटीनं आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागं बरीच कारणं होती, त्यातलं एक म्हणजे इथली रेडिओ-शांतता. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवून या दुर्बिणीचा वेळ मागतात. म्हणजे जगातलं उत्तमातलं उत्तम दूरस्थ काम आमच्या खोडदमध्येच चालतं. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा हायड्रोजन काय कुजबुजतोय ते इथं ऐकू येतं. कड्याखालचा मजूर हजर आहे की नाही, तेवढं ऐकू येत नाही.

दुर्बिणीबद्दल माझी तक्रार नाही, अभिमानच आहे. पण तिची शांतता आम्हाला जपावी लागते, त्याची किंमत मोजावी लागते. पुणे-नाशिक रेल्वे कित्येक वर्षं नारायणगावावरून जाणार, जाणार म्हणून ऐकलं. जमिनीचे भाव चढून उतरले. मग रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं, की गाडीमुळं दुर्बिणीला व्यत्यय येतो, मार्ग बदलावा लागेल. म्हणजे रोज पुण्याला जाऊन यायचं तर आळेफाटा ते चाकण हायवेच, आणि चाकणला चक्का जाम. एका अर्थानं भाच्यासारख्यांनी घरूनच काम करावं, ही आकाशातल्या ताऱ्यांचीच इच्छा आहे. कंपनीच्या मनुष्यबळ खात्याला तेवढं पत्र खोडदहून जायला हवं होतं.

आणि हो, २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका झाला. तेव्हापासून शनिवार-रविवारी गाड्या येतात, आणि कोरोनानंतर मधल्या वारीही यायला लागल्या. द्राक्षाच्या मळ्यात खोली, समोर शिवनेरी, मांडीवर लॅपटॉप. एक जोडपं मळेवाल्याला विचारत होतं, "इथं शांतता आहे ना? आणि वाय-फाय?" तो म्हणाला, "शांतता भरपूर. वाय-फाय नाही म्हणूनच."

बायकांबद्दल लिहायचं मी टाळत होतो, कारण बहीण हे सदर वाचते. पण तीच म्हणाली, लिही. २०१९ मध्ये केंद्राच्या सांख्यिकी खात्यानं देशभर पाहणी केली, कोण कशात किती वेळ घालवतं याची. बिनपगारी घरकामात ते करणाऱ्या बायकांचा वेळ रोज २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. मग कोरोना आला. घराघरांत पुरुष दिवसदिवसभर घरी राहिले. भांडी कुठं असतात, गॅस कुठून लागतो, हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं. २०२४ मध्ये पुन्हा तीच पाहणी झाली. बायका २८९. पुरुष ८८. मध्ये जगबुडी येऊन गेली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवली.

२०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती कायद्यात एक सोय आली: रजा संपल्यावर बाईला घरून काम करता येईल, कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक कबूल असेल तर. आमच्याकडं कांद्याची लागण करायला येणाऱ्या बायांना हे कलम मी वाचून दाखवलं. एकीनं बांधावरच्या लिंबाला टांगलेल्या झोळीकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "आणलंय की घर इकडं."

भाचा ज्या खोलीतून साता समुद्रापलीकडच्या साहेबाशी बोलायचा, तिथं दर दोन तासांनी चहा जायचा. दार न वाजवता, पायातल्या जोडव्यांचा आवाज न करता, कॅमेऱ्याच्या खालून वाकून. बहीण ते शिकली. एकदा यात्रेच्या दिवशी, बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाची परवानगी नुकतीच मिळालेली, घाटावरचा भोंगा इतका जोरात की 'भिर्रर्र' थेट बंगळुरूला पोचलं. तिथल्या साहेबानं घाबरून विचारलं, सगळं ठीक आहे ना? भाचा म्हणाला, स्थानिक क्रीडास्पर्धा. बहिणीनं चहाचा कप खाली ठेवला, तोंडाला पदर लावला आणि वाकूनच बाहेर आली. हसायलासुद्धा तिला ओसरीवर यावं लागलं.

कंपन्यांचं म्हणाल तर त्यांचा शब्द पावसाच्या अंदाजासारखा. टीसीएसनं २०२० मध्ये जाहीर केलं, की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के माणसं ऑफिसात असली तरी पुरे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीनं बहुतेकांना पाचही दिवस बोलावलं. मोठ्या झाडाच्या मागोमाग झुडपं वाकतात. भाच्याची कंपनी झुडूप आहे, ती आठवड्यातून दोन दिवस, मग तीन दिवस करत करत आता पुरती वाकली. भाच्यानं वाकडला दोन मित्रांत फ्लॅट घेतला. साडी खोलीतून निघाली, कांदा खोलीत आला.

जाताना त्यानं दाजींसाठी एक सोय करून ठेवली. मोटरला मोबाईलचा स्टार्टर बसवला. हे यंत्र आपल्याकडं जुनं आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी आजोबांची पंपापर्यंतची पायपीट बघून 'नॅनो गणेश' बनवलं, त्याला कितीतरी वर्षं झाली. आता तर दहा कंपन्यांचे मिळतात. फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. मला विचाराल तर घोड आणि कुकडीच्या खोऱ्यात जेवढं दूरस्थ काम या डब्यानं केलं, तेवढं सगळ्या हिंजवडीनं केलं नसेल. थ्री फेज लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीत विहिरीवर जायचं म्हणजे उसातून जायचं, आणि जुन्नर वन विभागातला ऊस म्हणजे त्यात बिबट्याचा मुक्काम धरूनच चालायचं. त्याचा जन्मच उसातला, त्याला बिचाऱ्याला जंगल माहीत नाही. तोही घरूनच काम करतो.

तर स्टार्टरमुळं विहिरीवरची फेरी वाचली. पण मोटर फोननं चालू होते, पाणी काही फोननं वळत नाही. एक सरी भरली की बांध फोडून दुसऱ्या सरीत घालायचं, तिथं माणूस लागतो. खोरं घेऊन, गुडघाभर चिखलात, रात्री दीडला. मी भाच्याला विचारलं होतं, "दारं धरायचं काही अॅप निघालंय का रे?" तो म्हणाला, "निघालंय मामा, ठिबक म्हणतात त्याला. आप्पांना पटत नाही." आप्पा म्हणजे दाजी. त्यांचं म्हणणं, पटायचं काय त्यात, पैसे दे. अनुदानाचा अर्ज केलाय. ऑनलाइन.

गेल्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. भाच्यानं त्या स्टार्टरला नोंदवलाय स्वतःचाच नंबर, कारण आप्पांच्या फोनवरून चुकून कॉल लागतो आणि दुपारी मोटर कोरडी फिरते. म्हणून लाईट आली की आप्पा त्याला फोन करतात, तो वाकडहून मोटर चालू करतो, आणि आप्पा दारं धरतात. त्या रात्री लाईट आली बारा वाजून दहा मिनिटांनी. भाचा जागाच होता. हल्ली दिवसा ऑफिस आणि रात्री अमेरिकेबरोबरचा कॉल, तो मात्र घरूनच. त्यानं मोटर चालू केली.

एकच्या सुमारास पाट फुटला. पाणी शेजाऱ्याच्या काढणीला आलेल्या कांद्यात शिरायला लागलं. आप्पांनी खोरं टाकलं, कमरेचा फोन काढला, लावला. रिंग गेली. पुन्हा लावला. मग त्यावर इंग्रजीत एक ओळ आली, ती त्यांना वाचता येत नाही, पण पाठ आहे: मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो.

आप्पांनी फोन खिशात टाकला, बॅटरी लावली, एकदा मोठ्यानं खाकरले, बिबट्याला कळावं म्हणून, आणि उसातून विहिरीकडं चालायला लागले.